फोची कावड

बायांनो, आमच्यातल्या एकीची लेक पुण्यात नोकरीला आहे. ती व्हिएतनामी हाटेलात ‘फो’ खाऊन आली. म्हणजे तांदळाच्या लांब शेवया, वरून हाडांचा गरम रस्सा अन् हिरवा पाला.

हा फो मूळचा हाटेलातला नाही. शंभर वर्षांमागं, फ्रेंचांच्या राज्यात, हनोईचे फेरीवाले तो कावडीत घेऊन फिरत. एका टोकाला निखाऱ्यावर उकळतं पातेलं, दुसऱ्या टोकाला शेवया अन् वाडगे. १९५४ साली देश दुभंगला, लाखो माणसं दक्षिणेला गेली, फोही गेला. १९७५ला लढाई थांबली अन् निर्वासितांबरोबर तो अमेरिकेत पोचला. परमुलखात रांधून विकणं, एवढंच अनेकांच्या हाती होतं.

त्याच १९७५ साली मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणी कामगारांना घरी जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या सावकाराच्या व्याजात रुतल्या होत्या. मंडळानं त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. रांधणारीच्या कष्टाला बँकेनं मोल दिलं, ही केवढी गोष्ट!

आम्ही चुडाव्याच्या बचत गटातल्या सात जणी मागं नांदेडला हाटेलात जेवलो. ताटं समोर आली, तशी एक जण सवयीनं उठून सगळ्यांना पाणी वाढू लागली. वेटर पोरगा म्हणाला, “मावशी, तुम्ही बसा. मी वाढतो.”