पदयात्रेचा ऋतू : महाड-रायगडच्या वाटेवर

तीर्थयात्रेच्या इतिहासात ‘कोठे जावे’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा निघावे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरत आला आहे. वाहनांच्या युगात या दुसऱ्या प्रश्नाचे गांभीर्य कमी झाले असले, तरी पायी चालणाऱ्याला ऋतूची अनुज्ञा घेतल्यावाचून पाऊल टाकता येत नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील महाड-पोलादपूरचा परिसर या सत्याची साक्ष देतो.

महाडपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी वसली आहे. १९९६ साली येथून रज्जुमार्ग सुरू झाला आणि गड काही मिनिटांच्या अंतरावर आला. तत्पूर्वी प्रत्येक यात्रिकाला पायऱ्या चढूनच जावे लागे. ज्या मातेच्या नावाने ही वाडी ओळखली जाते, तिची कथा सर्वश्रुत आहे. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण कडा उतरून गेली. लोककथेतील ती रात्र कोजागिरीची आहे. वर्षाऋतू सरून आकाश निवळण्याचा तो काळ. आषाढातील अंधाऱ्या, कोसळत्या रात्री हा कडा कोणाही मातेला उतरता आला नसता, हे या भूमीतील कथाकारांना निश्चितच ठाऊक होते.

चातुर्मासाची मर्यादा

यात्राकाळाचा सर्वांत सूक्ष्म विचार श्रमणपरंपरेने केला. जैन साधु-साध्वी वर्षातील आठ महिने पायी विहार करतात. आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या सुमारास मात्र ते एका स्थानी स्थिर होतात आणि कार्तिकात पुन्हा मार्गस्थ होतात. पावसाळ्यात भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव आणि कोवळे अंकुर निर्माण होतात. चार हात भूमी न्याहाळत पाऊल टाकणे ही ईर्यासमिती. जेथे पाऊल ठेवण्यास निर्जीव जागाच उरत नाही, तेथे चालणे थांबवणे हेच तिचे पालन होय. भगवान महावीरांच्या वर्षावासांची नोंद कल्पसूत्रात मिळते. बौद्ध भिक्षूंनीही वर्षावासाचा नियम पाळला.

गृहस्थांच्या यात्रांनाही हीच मर्यादा लागू झाली. चातुर्मासात शत्रुंजय गिरिराजाची यात्रा बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. पादचारी, एकाहारी, भूमिसंथारी, ब्रह्मचारी, सचित्तपरिहारी आणि आवश्यककारी अशा सहा नियमांनी बद्ध असलेले ‘छ’री पालित’ संघ मुख्यत्वे हिवाळ्यातच निघतात. भूमीवर शयन आणि दिवसातून एकदाच आहार हे नियम पाळत दीर्घ अंतर चालायचे, तर कोरडी जमीन आणि सौम्य ऊन हवेच. व्रत आणि ऋतू यांचा येथे सुरेख मेळ आहे.

शेतीचे पंचांग

वारकरी संप्रदायाने मात्र पावसाच्या तोंडावरच आपली सर्वांत मोठी वारी ठेवली. १६८५ साली तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. या दोन्ही परंपरांत विरोध आहे काय? वरवर तसे भासले, तरी वस्तुस्थिती निराळी आहे. आषाढी एकादशीला वारकऱ्यांचाही चातुर्मास सुरू होतो. म्हणजे ज्या सुमारास साधू स्थिर होतात, त्याच सुमारास वारकरीही आपल्या मुक्कामी पोहोचलेला असतो. शिवाय पालखीचा मार्ग घाटमाथ्यापलीकडच्या पर्जन्यछायेतून जातो. महाडला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पंढरपूरच्या वाट्याला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो.

घाटाखालच्या भातशेतकऱ्याची अडचण याहून वेगळी. देशावरचा शेतकरी पेरणी आटोपून वारीला निघू शकतो. कोकणातला शेतकरी मात्र ऐन आषाढात गुडघाभर चिखलात उभा राहून भाताची लावणी करीत असतो. त्याची सवड भात कापून, झोडून, धान्य घरात आल्यानंतरची. म्हणूनच माघी वारीत कोकणातील भाविकांची संख्या मोठी दिसते. नद्या ओसरलेल्या, घाटवाटा कोरड्या आणि घरात नवे धान्य, असा त्रिवेणी योग माघात जुळून येतो.

रायगडाच्या दोन तिथी

रायगडाची यात्रा प्रामुख्याने दोन तिथींशी निगडित आहे. शिवछत्रपतींचे महानिर्वाण चैत्र पौर्णिमेला, ३ एप्रिल १६८० रोजी झाले. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, ६ जून १६७४ रोजी झाला. एक तिथी कडक उन्हाची, तर दुसरी पावसाच्या उंबरठ्यावरची. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने झालेला रायगडावरील उत्सवही १८९६ च्या एप्रिलमधील, म्हणजे पावसाच्या पुरेसा आधीचा होता. जिजाऊ माँसाहेबांना गडावरील वारा आणि थंडी मानवत नसे, म्हणून त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला, असे सांगतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांनी तेथेच देह ठेवला. राजमातेलाही या हवामानापुढे निवास बदलावा लागला, तेथे सामान्य यात्रिकाची काय कथा!

तिथी पाळणे ही श्रद्धा आहे आणि तिचा आदर राखलाच पाहिजे. तथापि तिथीनंतरचे दिवस या खोऱ्यात किती कठोर असतात, हे इतिहासाने वारंवार दाखवले आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्यासोबत प्रवाशांनी भरलेल्या एसटी बसही गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला; ऐंशीहून अधिक जीव गेले. जुलै २०२४ मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहू लागले, पर्यटक मध्येच अडकले आणि प्रशासनाला गडाची वाट काही काळ बंद करावी लागली.

थांबण्याचे शहाणपण

या सर्वांतून एकच निष्कर्ष निघतो. महाड, पाचाड, हिरकणीवाडी आणि पुढे पोलादपूरमार्गे प्रतापगडाकडे जाणाऱ्या डोंगरवाटांवर दीर्घ पदयात्रेसाठी कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वोत्तम होय. ओढे उतरलेले, गवत वाळू लागलेले, पहाटेचा गारवा आणि मुक्कामाच्या गावी पाण्याची सोय. फाल्गुनानंतर ऊन तापते, विहिरी तळ गाठतात आणि प्रहरभर दिवस वर येण्याआधीच चालणे उरकावे लागते.

साधूंनी हा काळ जीवदयेतून निवडला, शेतकऱ्याने पिकाच्या सवडीतून आणि वाटसरूने नदीच्या भयातून. हेतू तिघांचे वेगळे असले, तरी मार्गस्थ होण्याचा महिना एकच निघाला, ही या भूमीची शिकवण आहे. यात्रेचे पुण्य चाललेल्या अंतरावर मोजले जात नाही. आपल्या पावलाखाली कोणाचाही जीव, आपलाही, दुखावू नये म्हणून चार महिने थांबणारा यात्रिक घरी बसूनही यात्रेतच असतो.