ओंडक्यांसाठी आखलेल्या वाटा
श्वार्त्सवाल्डमधल्या जंगलरस्त्यांचा इतिहास

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ऱ्हाइन नदीला धरून दक्षिणोत्तर सुमारे दीडशे किलोमीटर पसरलेला श्वार्त्सवाल्ड मराठी वाचकाला बहुधा केकमुळे माहीत असतो, तोही ‘ब्लॅक फॉरेस्ट’ या इंग्रजी नावाने. फेल्डबर्ग हे त्याचे सर्वांत उंच शिखर १४९३ मीटरचे. सूचिपर्णी झाडांनी भरलेल्या या डोंगरांत आज ग्रॅव्हल सायकलस्वारांची मोठी वर्दळ असते. ग्रॅव्हल सायकलचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. डांबरी रस्ता सोडून खडीवरून दूरवर जाता यावे, अशी तिची बांधणी. ती ज्या खडीच्या रस्त्यांवर धावते ते मात्र सायकलीसाठी कधीच बांधले गेले नाहीत. त्यांचा चढ, त्यांची वळणे, त्यांची रुंदी, सगळे लाकडाच्या हिशेबाने ठरलेले आहे.

मुळात या जंगलातले लाकूड रस्त्याने जात नसे, पाण्याने जाई. मुर्ग आणि किंझिग या नद्या डोंगरातून ऱ्हाइनकडे उतरतात. मुर्गच्या खोऱ्यातल्या गेर्न्सबाख गावाभोवती लाकूड व्यापाऱ्यांचा ‘मुर्गशिफरशाफ्ट’ नावाचा संघ पंधराव्या शतकापासून काम करत होता आणि आजही त्याच्या मालकीचे जंगल आहे. डोंगरउतारावर तोडलेले ओंडके लाकडी घसरणींवरून खाली सोडत. ओढ्यांना पाणी कमी, म्हणून वरच्या अंगाला बांध घालून पाणी साठवायचे आणि ठरल्या वेळी दार उघडून त्या लोंढ्याबरोबर ओंडके पुढे ढकलायचे, अशी रीत होती. किंझिगवर शिल्टाख आणि वोल्फाख ही तराफेवाल्यांची गावे. तराफा बांधायला दोर वापरत नसत. हेझेल किंवा फरची कोवळी रोपटी भट्टीत तापवून, एका टोकाला अडकवून पिळत, म्हणजे त्यांचे तंतू सुटे होऊन ती वेलीसारखी लवचीक होत. ओंडक्यांच्या टोकांना भोके पाडून त्यांतून हे पीळ ओवले, की शेकडो मीटर लांबीचा तराफाही नदीच्या वळणावर सापासारखा वळे.

ऱ्हाइनवर पोचल्यावर हे तराफे एकत्र जोडले जात आणि हॉलंडकडे जात. सतराव्या-अठराव्या शतकांत डच जहाजबांधणीला आणि दलदलीत उभ्या राहणाऱ्या शहरांच्या पायाभरणीला सरळसोट, उंच झाडे हवी होती. ती श्वार्त्सवाल्डने पुरवली. विल्हेल्म हाउफच्या ‘थंड काळीज’ या एकोणिसाव्या शतकातल्या प्रसिद्ध कथेत कोळसा पाडणारा गरीब तरुण आणि हॉलंडच्या व्यापाराने गबर झालेला राक्षसी लाकूडवाला समोरासमोर येतात. हा विरोध कथाकाराला कल्पनेतून काढावा लागला नाही. हॉलंडखेरीज काचेच्या भट्ट्या, कोळसेवाले आणि पोटॅश करणारेही त्याच जंगलावर जगत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक डोंगर उघडे पडले होते.

लाकडाच्या टंचाईची भीती सर्वच जर्मन संस्थानांत होती. सॅक्सनीतल्या फ्रायबर्गचा खाणअधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने १७१३ मध्ये लिहिलेल्या वनशेतीवरच्या ग्रंथात, जंगल जेवढे वाढते तेवढेच तोडावे, हा विचार मांडला. त्यामागे निसर्गप्रेम फारसे नव्हते. चांदीच्या खाणी आणि भट्ट्या लाकडावाचून बंद पडतील ही धास्ती होती. पुढच्या शंभर वर्षांत या विचाराचे शास्त्र झाले. जंगल मोजायचे, त्याचे तुकडे, म्हणजे कूप, पाडायचे, कोणता कूप कोणत्या वर्षी तोडायचा हे आधी ठरवायचे. श्वार्त्सवाल्डचा बराच भाग ज्यात होता त्या बाडेन संस्थानाने १८३३ मध्ये वनकायदा केला. उघड्या डोंगरांवर लवकर वाढणाऱ्या स्प्रूसची रांगेने लागवड झाली, आणि आज पर्यटकाला आदिम वाटणारे गर्द अरण्य बरेचसे या लागवडीतून आले आहे. हेच शास्त्र भारतातही पोचले. बॉनमध्ये जन्मलेला डीट्रिश ब्रांडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. महाराष्ट्रातल्या जंगलखात्याची कूपपद्धत त्याच परंपरेतली.

सायकलीच्या पूर्वजाचा जन्मही बाडेनच्या वनखात्याच्या आसपासचा, ही गमतीची गोष्ट. कार्ल फॉन ड्राइस (१७८५–१८५१) हा बाडेनचा वनाधिकारी. १२ जून १८१७ रोजी त्याने मानहाइमहून श्वेत्सिंगेनच्या दिशेने आपले दुचाकी लाकडी यंत्र पायांनी जमीन ढकलत चालवले. जाऊन-येऊन सुमारे चौदा किलोमीटरला तासापेक्षा कमी वेळ लागला. त्याच वर्षी तो लाकूडव्यापाराच्या त्या गेर्न्सबाखहून निघून मधला डोंगर ओलांडत बाडेन-बाडेनला गेला. म्हणजे दुचाकीची पहिली घाटचढाई श्वार्त्सवाल्डमध्येच झाली. त्या काळचे रस्ते गाड्यांच्या चाकांनी इतके चिरलेले असत, की हे यंत्र चालवणारे लोक पदपथावर चढत आणि शहरे त्यांना मनाई करत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली. मुर्गच्या खोऱ्यात गेर्न्सबाखपर्यंत ती १८६९ मध्ये पोचली आणि रोबेर्ट गेर्विगने आखलेली डोंगरातली श्वार्त्सवाल्ड रेल्वे १८७३ मध्ये पूर्ण झाली. शतक संपता संपता तराफे थांबले. लाकडाला आता ओढ्याकडे जाण्याचे कारण उरले नाही, त्याला स्टेशनाकडे जायचे होते. म्हणून बैलगाड्या आणि घोडागाड्यांसाठी डोंगराच्या कडेने, समपातळी रेषा धरून रस्ते काढले गेले. चालणाऱ्यांची सोय वेगळी झाली. १८६४ मध्ये फ्रायबुर्गला स्थापन झालेल्या श्वार्त्सवाल्ड संघाने पायवाटांवर खुणा रंगवल्या, आणि १९०० मध्ये फोर्त्सहाइम ते बासेल ही सुमारे २८५ किलोमीटरची ‘वेस्टवेग’ वाट लाल चौकटीच्या खुणेने आखली.

आजचे रस्ते मात्र ट्रकचे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच ताब्यातल्या भागात नुकसानभरपाई म्हणून डोंगरच्या डोंगर सपाट तोडले गेले. नंतरच्या दशकांत घोडे गेले, ट्रॅक्टर आणि ट्रक आले, आणि जंगलात खोलवर रस्ते पोचवले गेले. त्यांची रचना आपल्याकडच्या ‘डब्ल्यूबीएम’ रस्त्याच्या कुळातली. खाली दगडांचा थर, वर बारीक खडी, ती पाणी मारून रूळ फिरवून बसवलेली. मधोमध थोडा उंचवटा, डोंगराच्या बाजूला गटार, ठरावीक अंतरावर मोरी. चाळीस टनांची भरलेली गाडी उतरू शकली पाहिजे, म्हणून चढ सहसा दहा टक्क्यांच्या आत ठेवतात आणि लांब ओंडके वळावेत म्हणून वळणे ऐसपैस. सायकलस्वाराला तासन्तास एकाच दमात चढता येते ते यामुळे. उत्तरेकडे खडी लालसर वालुकाश्माची दिसते, दक्षिणेकडे ग्रॅनाइट आणि नाइसची.

लाकडाचा हिशेब सायकलस्वाराला चकवतोही. नकाशावर छान दिसणारा रस्ता ट्रक वळवण्याच्या गोल जागेपाशी अचानक संपतो, कारण त्यापुढे तोडायचे झाड नसते. कडेला ओंडक्यांच्या थप्प्या रचलेल्या असतात, त्यांवर रंगाने आकडे फवारलेले. तोड चालू असली की रस्ता फलक लावून बंद.

या रस्त्यांवर येण्याचा हक्क कायद्याने दिला. १९७५ च्या संघीय वनकायद्याने कोणालाही विरंगुळ्यासाठी जंगलात जाता येते, आणि रस्त्यांवर व वाटांवर सायकल चालवता येते, मात्र स्वतःच्या जबाबदारीवर. माउंटन बाइक आल्यावर चालणारे आणि सायकलवाले यांचे खटके उडू लागले. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १९९५ मध्ये दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकलीला मनाई केली. माउंटन बाइकवाले आजही या नियमाविरुद्ध तक्रार करतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नाही. ग्रॅव्हल सायकलवाल्यांना मात्र त्याचा फारसा जाच नाही, कारण त्यांना हवी असलेली ट्रकची वाट दोन मीटरपेक्षा रुंदच असते.

२६ डिसेंबर १९९९ रोजी ‘लोथार’ वादळाने काही तासांत लाखो झाडे आडवी केली. एकसुरी स्प्रूसची लागवड किती कच्ची आहे हे तेव्हा दिसले. पडलेले लाकूड किडीच्या आधी बाहेर काढायला जंगलरस्तेच कामी आले. २०१४ मध्ये उत्तर श्वार्त्सवाल्डमध्ये सुमारे दहा हजार हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे सायकल फक्त खुणा केलेल्या मार्गांवर चालते. उद्यानाच्या गाभ्यात लाकूडतोड होत नाही, त्यामुळे ज्या कामासाठी तिथले रस्ते बांधले गेले तेच आता उरलेले नाही. हद्दीबाहेर मात्र ओंडक्यांचे ट्रक चालूच आहेत, आणि पावसाळी आठवड्यांत त्यांच्या चाकांनी पडलेले खड्डे रूळ फिरवून बुजवण्याचा खर्च जंगलमालकच करतात.