युक्रेनमधील वीजवितरणावरील संगणकीय आघात व हस्तचालित उपकेंद्रे

नियंत्रणयंत्रणांवरील संगणकीय आघातांचा इतिहास बहुधा आक्रमकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. युक्रेनच्या बाबतीत ही दृष्टी अपुरी पडते.

२३ डिसेंबर २०१५ रोजी, दुपार टळत असता, पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रान्किव्स्क प्रांताला वीज पुरविणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षात संगणकाच्या पडद्यावरील बाण आपोआप फिरू लागला आणि दूरच्या उपकेंद्रांतील ब्रेकर उघडून वीजप्रवाह खंडित होत गेला. त्याच सुमारास अन्य दोन वितरण कंपन्यांचीही हीच गत झाली. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज एक ते सहा तास बंद राहिली. संगणकीय आघातामुळे वीज गेल्याचे जाहीरपणे मान्य झालेले हे पहिलेच उदाहरण होय.

आघाताची तयारी कित्येक महिने आधी सुरू झाली होती. कचेरीतील कर्मचाऱ्यांना आलेल्या ईमेलसोबतच्या कागदपत्रांतून घातक आज्ञावली आत शिरली. तिच्या साह्याने परवलीचे शब्द चोरले गेले, आणि दुसरी कोणतीही ओळखपरीक्षा नसल्याने नियंत्रणाच्या जाळ्यात शिरणे सुकर झाले. तक्रारींचे दूरध्वनीही खोट्या हाकांनी तुंबविण्यात आले. उपकेंद्रांशी संपर्क ठेवणाऱ्या उपकरणांतील मूळ आज्ञावलीच नष्ट केल्यामुळे दुरून वीज पूर्ववत करण्याचा मार्ग बंद झाला.

या दौर्बल्याचे मूळ अधिक जुने आहे. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडबस’ या संदेशपद्धतीत आज्ञा देणारा कोण, हे तपासण्याची सोयच नव्हती. जो तारेपर्यंत पोहोचला तो घरचाच, असे तीत गृहीत धरले होते. कारखान्याच्या चार भिंतींत ते रास्तही होते. पुढे हिशेब व देखरेख यांच्या सोयीसाठी अशी जाळी कचेऱ्यांच्या जाळ्यांस जोडली गेली आणि भिंत उरली ती बहुशः नकाशातच.

वीज परत आली ती कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले व त्यांनी ब्रेकर हाताने बसविले म्हणून. बहुतेक वृत्तांतांत ही गोष्ट एका वाक्यात आटोपली जाते. वस्तुतः संरक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब हीच होती. एरवी मागासलेपणाची खूण मानली जाणारी हस्तचालित व्यवस्था, आणि ती चालविण्याचा सराव असलेली माणसे, अद्याप शिल्लक होती.

आक्रमकांनाही हे उमगले असावे. १७ डिसेंबर २०१६ च्या रात्री कीव्हजवळील ‘पिव्निच्ना’ उपकेंद्रावर आघात झाला. या वेळची आज्ञावली उपकेंद्रातील यंत्रांशी त्यांच्याच संदेशपद्धतीत बोलत होती. सुमारे सव्वा तासात वीज पुन्हा हातानेच सुरू झाली. परंतु त्या आज्ञावलीचा एक भाग संरक्षक रिले निकामी करण्यासाठी लिहिलेला होता. घाईने ब्रेकर बसविणाऱ्यांच्या हातूनच यंत्रसामग्रीची हानी व्हावी, हा त्यामागील हेतू असावा, असे अनुमान २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मांडले गेले. संगणकांचे पत्ते लिहिताना आक्रमकांकडून अंकांचा क्रम उलटा पडला, आणि तो भाग चाललाच नाही.