मावळातील तेले : नामे आणि इतिहास

वस्तूच्या नामावरून तिचा इतिहास उभारताना किती सावध राहावे लागते, याचे उत्तम उदाहरण मावळातील तेलांत सापडते. डोंगरउतारांवर पावसाळ्यात पेरला जाणारा कारळा ‘खुरासणी’ या नावानेही ओळखला जातो. त्यावरून त्याचे मूळ खुरासानात शोधावे, तर वनस्पतिशास्त्र ते इथिओपियात दाखविते. ‘रामतीळ’ हे तिसरे नावही तिळाशी केवळ उपयोगाचे साम्य सांगते. कुळाने कारळा सूर्यफुलाचा सोयरा होय.

‘तैल’ म्हणजे मुळात तिळाचा स्नेह. परंतु महाभाष्याच्या काळीच हा शब्द इतर स्नेहांसही लागू लागला होता. समासात उत्तरपदाच्या आरंभीचा ‘त’कार लोपून मराठीत ‘एरंडेल’, ‘खोबरेल’, ‘करंजेल’ ही रूपे सिद्ध झाली. पैकी करंजेल कडू असल्याने खाण्यास निरुपयोगी. ते दिव्यात जळे आणि खरजेवर लागे.

१८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आयात खनिज तेलाचा प्रसार होऊन दिव्यातील करंजेलाचे स्थान हळूहळू गेले. मात्र ‘रॉक ऑइल’ या इंग्रजी नावाचे मराठीत ‘रॉकेल’ झाले आणि ते एरंडेल-करंजेलांच्या पंक्तीत बेमालूम बसले. त्यातील ‘एल’ तिळाचा नव्हे. रूपसाम्य तेवढे खरे.

तात्पर्य, नाम हे वस्तूच्या जन्मस्थानाचा पुरावा नसते; बोलणाऱ्यांनी तिला कोणत्या जुन्या वस्तूंशेजारी ठेवले, याचा मात्र ते भरवशाचा पुरावा असते.