जंबो : हत्तीचं नाव, पुण्यातला पत्ता

जंबो ब्लॉक, जंबो कार्यकारिणी, जंबो मंत्रिमंडळ... हा शब्द आम्हा बातमीवाल्यांचा लाडका. मथळ्यात 'अवाढव्य' मावत नाही, 'जंबो' मावतो. पण मुळात हे एका हत्तीचं नाव.

आफ्रिकेत पिल्लू असतानाच पकडलेला हा हत्ती पॅरिसमार्गे 1865 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आला. तिथे पोरं त्याच्या पाठीवर बसून फिरायची. 1882 मध्ये तो बार्नम नावाच्या अमेरिकन सर्कसवाल्याला विकला गेला. मुलांनी थेट राणी व्हिक्टोरियाला पत्रं लिहिली, पण उपयोग झाला नाही. शब्द बोलीत आधीही होता म्हणतात. पण बार्नमने या हत्तीच्या आकाराची अशी काही जाहिरात केली की 'जंबो' म्हणजेच प्रचंड, असं जगभर झालं. 1885 साली कॅनडात रेल्वे इंजिनाची धडक बसून तो मेला. बार्नम कसला थांबतो! त्याने पेंढा भरलेलं कातडं आणि सांगाडा, दोन्ही वेगवेगळे फिरवून तिकिटं लावली.

मग बोइंग 747 विमान जंबो झालं, पुढे मंत्रिमंडळंही. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या 15 टक्क्यांवर आणली. आपल्याकडे 288 आमदार, म्हणजे फार तर 43 मंत्री. आता 43 ला छोटं म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

पुण्यात मात्र हा शब्द एक पत्ता झाला. ऑगस्ट 2020 मध्ये शिवाजीनगरला सीओईपीच्या मैदानावर 800 खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. 'पेशंट जंबोला आहे' एवढं सांगितलं की पुढचं विचारावं लागत नव्हतं. 2 सप्टेंबरला तिथेच टीव्ही पत्रकार पांडुरंग रायकर गेले. वय 42. त्यांना दुसऱ्या रुग्णालयात हलवायला कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत मिळाली नाही, असं सहकारी आणि घरचे सांगत होते. 800 खाटांच्या शहरभर गाजलेल्या जागेत एक गाडी नाही! खाटा मोजून झाल्या, पण डॉक्टर किती, नर्स किती, नातेवाइकांना माहिती कोण देणार, हे प्रश्न त्यानंतर मोठ्याने विचारले जाऊ लागले. पुढे कारभारात बदल झाले, आणि 2021 च्या दुसऱ्या लाटेत तेच जंबो पुन्हा उघडावं लागलं.