पहिली गिटार निवडताना

दहावीची परीक्षा संपली की घरोघरी गिटारच्या शिकवणीची चौकशी सुरू होते. काही महिन्यांनी तीच गिटार कपाटावर धूळ खात पडलेली दिसते आणि 'मुलाला आवडच नव्हती' असा निष्कर्ष पालक काढतात. आमचा अनुभव निराळा आहे. पुष्कळदा दोष मुलाचा नसून वाद्याचा असतो. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या की बोटे सोलवटतात आणि इतके कष्ट घेऊनही सूर खोटाच लागतो. म्हणूनच मोजक्या पैशांत पहिली अकूस्टिक गिटार घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी येथे नमूद करीत आहोत.

तारा कोणत्या? नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ लागते. मात्र तिची मान रुंद असते. तिला आजचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने स्पेनचे कारागीर आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) यांना दिले जाते. पोलादी तारांच्या गिटारचा आवाज खणखणीत असून गाण्याच्या साथीला ती अधिक शोभते. नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोपर्यंत जातो, नायलॉनचा साधारण ४० किलो असतो. अशा वाढीव ताणाने घोडी उखडते.

आकार : पूर्ण आकाराच्या गिटारमध्ये तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर असते. लहान मुलांसाठी पाऊण आकाराची गिटार मिळते. पोलादी तारांमधील 'ड्रेडनॉट' हा प्रकार आवाजाने भारदस्त, पण अंगाने मोठा असतो. लहान चणीच्या व्यक्तीने तो मांडीवर घेऊन पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये.

लाकूड : दर्शनी फळी अखंड स्प्रूसची असेल तर आवाज खुलतो, पण किंमत वाढते. थर चिकटवून केलेली फळी आवाजात उणी असली, तरी आपल्याकडील पावसाळी दमटपणा अधिक सोसते. पहिल्या वाद्याला ती पुरेशी आहे. अखंड लाकडापेक्षा नीट जुळवणी महत्त्वाची.

दुकानात पुढील कसोट्या अवश्य लावाव्यात :

१. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची पाहावी. पोलादी गिटारमध्ये जाड तारेखाली सुमारे अडीच व बारीक तारेखाली दोन मिलिमीटर, तर नायलॉनमध्ये अनुक्रमे चार व तीन मिलिमीटर अंतर योग्य.
२. मान कडेने, डोळ्याच्या रेषेत धरून पाहावी. ती पिळवटलेली नसावी.
३. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवावी. कोठेही खरखर नको.
४. बाराव्या पडद्यावर तार दाबून काढलेला सूर मोकळ्या तारेच्या सुराहून नेमका एक सप्तक वर असावा.
५. घोडीच्या मागे कागद शिरत असेल, तर ती सुटू लागली आहे असे समजावे.

सर्व रक्कम गिटारवरच खर्च करू नये. समजा ८,००० रुपये हाती असतील, तर त्यांतील हजार-दीड हजार पिशवी, जादा तारा व जाणकाराकडून करावयाची जुळवणी यांसाठी राखून ठेवावेत. सूर जुळविण्याचे साधन मोबाइलवर विनामूल्य मिळते. 'सर्व साहित्यासह' विकल्या जाणाऱ्या अतिस्वस्त संचांपासून सावध राहावे. त्यांत वाद्यावरच काटकसर झालेली असू शकते. वरील कसोट्यांना उतरलेली जुनी गिटार नव्या निकृष्ट गिटारपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

खरेदीस जाताना गिटार वाजविणारी एखादी परिचित व्यक्ती सोबत न्यावी. घरी आणल्यावर वाद्य ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नये, उन्हातील बंद गाडीत ठेवू नये. चांगल्या गिटारवरही पहिले काही आठवडे बोटे दुखतातच. पुढे कातडी घट्ट होते. तेवढा काळ मुलांना धीर द्यावा. वाद्य योग्य असेल, तर तो धीर वाया जात नाही.