पट्ट्याचा तुकडा आणि साखळीची कडी: दुहेरी वापराच्या मोटारसायकलीपुढचा जुना प्रश्न

तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी उन्हाळ्यात स्पितीला मोटारसायकल घेऊन गेला. चढावर पहिला गिअर जड पडतो, म्हणून निघण्याआधी त्याने मागचे ४५ दातांचे स्प्रॉकेट काढून ४८ दातांचे बसवले. गुणोत्तराचे गणित त्याने बरोबर केले होते. पण जुनी साखळी नव्या स्प्रॉकेटभोवती पुरेना. दुकानदाराने एका झिजलेल्या साखळीतल्या दोन कड्या काढून जोडून दिल्या. काझाच्या अलीकडे साखळी तिथेच तुटली आणि इंजिनच्या आवरणाला तडा गेला. परत आल्यावर तो म्हणाला, "सर, रेशो तर बरोबर होता."

रेशो बरोबर होता, पण लांबी विसरली गेली. ही चूक त्याची एकट्याची नाही. गुणोत्तर बदलले की वेटोळ्याची लांबीही बदलते. ही अडचण मोटारसायकलीइतकीच जुनी आहे आणि तिच्यावरचे उपाय पाहिले, तर आजच्या गाडीच्या मागच्या आसापाशी लांबट खाच का असते ते नीट कळते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींत इंजिनची शक्ती मागच्या चाकाकडे नेण्यासाठी चामड्याचा पट्टा असे. पट्टा स्वस्त, शांत आणि धक्के पचवणारा. मात्र पावसात घसरे, चढावर ताणला जाई. बहुतेक गाड्यांना गिअरबॉक्स नव्हताच. काही गाड्यांत इंजिनवरच्या कप्पीच्या दोन बाजू जवळ-दूर करता येत. बाजू दूर केल्या की पट्टा खोल बसे, कप्पीचा परिणामी व्यास कमी होई आणि चढासाठी सोयीचे गुणोत्तर मिळे. पण त्याच क्षणी पट्टा सैल पडे. मग चालक चढाच्या पायथ्याशी उतरून पट्ट्याचा एक तुकडा काढून टाके आणि माथ्यावर पुन्हा जोडे. हा तुकडा खिशात ठेवणे ही त्या काळी नित्याची बाब होती.

यावरचा सर्वांत देखणा उपाय झेनिथ कंपनीच्या फ्रेडी बार्न्सचा. त्याच्या 'ग्रॅड्युआ' रचनेत चालकाने हँडल फिरवले की कप्पीच्या बाजू सरकत आणि त्याच वेळी मागचे चाक खाचेतून पुढे-मागे जाई, म्हणून पट्ट्याचा ताण कायम राहत असे. हे सर्व चालत्या गाडीवर! चढाच्या स्पर्धांत झेनिथ इतकी वरचढ ठरली की काही क्लबांनी तिला ठरावीक गटांत बंदी घातली. कंपनीने 'बार्ड', म्हणजे मज्जाव केलेली, हा शब्दच आपल्या चिन्हात मिरवला. मला हा किस्सा वर्गात सांगायला फार आवडतो.

साखळी तोपर्यंत तयार होती. जेम्स स्लेटर याने १८६४ मध्ये साखळीचे पेटंट घेतले होते, पण तिच्यात सगळा भार पिनच्या छोट्या भागावर येई आणि ती लवकर झिजे. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेला स्विस अभियंता हान्स रेनॉल्ड याने स्लेटरचा व्यवसाय विकत घेतला आणि १८८० मध्ये पिनभोवती बुश व त्यावर फिरणारा रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. भार बुशच्या संपूर्ण लांबीवर पसरला. आपल्या गाडीची साखळी आजही मुळात तीच आहे.

१९११ साली आइल ऑफ मॅनवरची टुरिस्ट ट्रॉफी शर्यत स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या मार्गावर नेली गेली. एकाच गुणोत्तराच्या गाडीची इथे परीक्षाच होती. सीनियर शर्यतीत दोन गिअर आणि साखळी असलेल्या अमेरिकन 'इंडियन' गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. पहिला आला ऑलिव्हर गॉडफ्रे. १९१२ आणि १९१३ मध्ये साखळीच्याच स्कॉट गाड्या जिंकल्या. पुस्तके इथेच पट्ट्याचा अंत झाल्याचे लिहितात, ते खरे नाही. १९१४ ची सीनियर शर्यत सिरिल पुलिनने रज मल्टीवर जिंकली आणि ती पट्ट्याची गाडी होती. तिच्यात पुढच्या कप्पीच्या बाजू दूर जाताना मागच्या कप्पीच्या जवळ येत, त्यामुळे चाक हलवावे लागत नसे.

पुढे गिअरबॉक्स आला आणि लांबीचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. तो परत आला तो रस्ता आणि पायवाट दोन्हींवर चालवायच्या गाडीमुळे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात होंडाने अमेरिकेत विकलेल्या छोट्या ट्रेल गाड्यांना मागे दोन स्प्रॉकेट असत: रस्त्यासाठी लहान, डोंगरासाठी मोठे. बदल करताना साखळी उघडून मोठ्यावर घ्यायची आणि कमी पडणारा साखळीचा तुकडा जोडायचा. खिशातला पट्ट्याचा तुकडा अर्ध्या शतकाने असा परतला! नंतर होंडाने दुसरे स्प्रॉकेट काढून इंजिनपाशी जलद-मंद असा वेगळा गिअर दिला. १९६८ च्या यामाहा डीटी-१ पासून ही जात लोकप्रिय झाली. भारतात हीरो इम्पल्स २०११ मध्ये, रॉयल एनफील्ड हिमालयन २०१६ मध्ये आणि एक्सपल्स २०१९ मध्ये आली.

आता त्या विद्यार्थ्याचे गणित. ५२० साखळीतला पहिला आकडा पिच सांगतो: ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी. उरलेला २० म्हणजे आतली रुंदी २/८ इंच. दशमान पद्धतीच्या देशात आपण इंचाचे आठवे भाग विकत घेतो, हा ब्रिटिश कारखान्यांचा वारसा.

दोन स्प्रॉकेटच्या केंद्रांमधले अंतर पिचमध्ये मोजायचे. त्याला मध्यांतर म्हणू. मग

कड्या = (२ × मध्यांतर) + (दातांची बेरीज ÷ २) + [(दातांचा फरक ÷ ६.२८)² ÷ मध्यांतर]

मध्यांतर ४० पिच, म्हणजे ६३५ मिमी धरा. १५/४५ साठी उत्तर येते ११०.५७. आतली आणि बाहेरची कडी आलटून-पालटून येत असल्याने संख्या सम हवी. विषम संख्येसाठी लागणारी वाकडी कडी कमजोर असते, मोटारसायकलीला ती लावू नये. म्हणून ११० कड्या घेऊन चाक सुमारे ४.५ मिमी पुढे घ्यायचे. यासाठीच ती खाच!

१५/४८ साठी उत्तर येते ११२.१९. जुनी ११० कड्यांची साखळी बसवायची तर चाक ६३५ मिमीपासून १७ मिमीहून अधिक पुढे यायला हवे. बहुतेक खाचांत तेवढी जागा नसते. ११२ कड्यांची नवी साखळी मात्र चाक दीड मिमी पुढे घेतले की बसते.

दुसरा मार्ग पुढचा. १४/४५ केले तर उत्तर ११०.११, जुनीच साखळी चालते. गुणोत्तर १५/४५ ला ३.०० होते, १५/४८ ला ३.२०, १४/४५ ला ३.२१. पुढचा एक दात कमी करणे म्हणजे जवळजवळ मागचे तीन दात वाढवणे, आणि पुढचे स्प्रॉकेट स्वस्तही. मग सगळे तेच का करत नाहीत? कारण साखळी चाकावर वर्तुळात नव्हे, बहुभुजात फिरते. पुढे १५ दात असताना साखळीचा वेग प्रत्येक दातागणिक सुमारे २.२ टक्के कमी-जास्त होतो, १४ ला २.५ टक्के, १२ ला ३.४ टक्के. कडीला वळावेही जास्त लागते: १५ ला २४ अंश, १२ ला ३०. शिवाय साखळी मागच्या दांड्यावरच्या रबरी पट्टीला घासू लागते. माझे मत विचाराल तर एका सहलीसाठी पुढचा एक दात कमी करा. वर्षभर डोंगरातच राहायचे असेल तर मागचे मोठे स्प्रॉकेट आणि पूर्ण लांबीची नवी साखळी. जुन्या कड्या नव्या साखळीला कधीही जोडू नका. झिजेमुळे त्यांचे पिच वाढलेले असते आणि त्या दातावर नीट बसत नाहीत.

किंमत दोन्हींत मोजावी लागते. ताशी ८० किमीला इंजिन पूर्वी मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर आता सुमारे ५३५० घेईल. वेगमापकाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल, तर काटा जास्त वेग दाखवेल. पुढच्या चाकावर असेल तर फरक नाही.

ताण तपासताना आणखी एक गोष्ट. या गाड्यांचे सस्पेन्शन लांब पल्ल्याचे असते. पुढचे स्प्रॉकेट, मागच्या दांड्याची बिजागरी आणि मागचा आस एका रेषेत येतात तेव्हा साखळी सर्वांत घट्ट असते. गाडी उभी असताना योग्य वाटणारी साखळी खड्ड्यात त्या स्थितीला येऊन गिअरबॉक्सचे बेअरिंग खेचू शकते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडून चाक त्या रेषेत आणा, तिथे थोडी ढील ठेवा आणि मगच आस आवळा.

स्वाध्याय: मध्यांतर ४० पिच ठेवून १४/४८ साठी किती कड्या लागतील आणि चाक कोणत्या दिशेला, किती मिमी सरकवावे लागेल?